दारातलं कुत्रं, आतला माणूस

तुकोबांच्या गाथेत कुत्रा दोन वेगळ्या रूपांत भेटतो. एका अभंगाची सुरुवातच अशी आहे: 'श्वान शीघ्रकोपी । आपणा घातकर पापी ॥' चटकन भडकणारा, स्वतःचाच घात करून घेणारा, माणसांवर भुंकणारा, उपदेश न पचणारा. गावातल्या कुठल्यातरी तोंडाळ माणसाला तुकोबांनी इथं कुत्रा म्हटलंय आणि ऐकणाऱ्याला तो माणूस लगेच ओळखू आला असेल. त्याच गाथेत पुढं कधीतरी हा अभंग हाती लागतो:

श्वानाचियापरी लोळें तुझ्या दारीं ।
भुंकों हरिहरि नाम तुझें ॥
भुंकीं उठीं बैसें न वजायें वेगळा ।
लुडबुडीं गोपाळा पायांपाशीं ॥
तुका म्हणे आम्हां वर्म आहे ठावें ।
मागेन तें द्यावें प्रेमसुख ॥

आता कुत्रा म्हणजे खुद्द तुकोबा. पाण्याची बादली घेऊन अंगणातून चालताना पायात घोटाळणारं कुत्रं ज्यानं पाहिलंय, त्याला त्या 'लुडबुडीं'वर थांबावंच लागतं. तरी मला या अभंगात सगळ्यात मोलाची वाटते ती शेवटची ओळ. लोळणं, भुंकणं, पायाशी घोटाळणं हे सगळं झाल्यावर तुकोबा हात जोडत नाहीत. तुझं वर्म आम्हाला ठाऊक आहे, मागेन ते दे, असं ते बजावतात. इतके दिवस ज्याला दारात लोळू दिलंस त्याला आता नाही कसं म्हणशील? या अभंगाला दीनपणाचा अभंग म्हणतात तेव्हा मला ते पटत नाही. हा हक्काचा अभंग आहे, आणि परीक्षा आहे ती दाराच्या आत बसलेल्याची.

तेव्हापासून जुन्या कवितेत जिथं जिथं कुत्रं दिसलं, तिथं मी त्याच्याकडं कमी आणि आतल्या माणसाकडं जास्त पाहू लागले. कुत्र्याचा इमानीपणा हा शाळेच्या निबंधाचा विषय. मोठ्या कवींनी तो गृहीत धरलाय आणि त्यांची नजर दुसरीकडंच आहे.

कबीर म्हणतो, 'कबीर कूता राम का, मुतिया मेरा नाउँ । गलै राम की जेवड़ी, जित खैंचै तित जाउँ ॥' मी रामाचा कुत्रा, नाव माझं मोत्या, गळ्यात रामाची दोरी, तो ओढील तिकडं जातो. ओळ सुंदरच आहे. पण तुकोबांच्या कुत्र्याच्या गळ्यात दोरी नाही. तो मोकळा आहे, मनात आलं तर उठून जाऊ शकतो, आणि तरी तो तिथंच लोळतो. आमच्या गावाकडची कुत्री अशीच मोकळी असतात. कुणाच्या मालकीची नसतात, तरी त्यांचं दार ठरलेलं असतं.

हे रूपक कुणी आयुष्यभर जगलं, तर काय होतं, हे पाहायचं असेल तर मार्गशीर्षात माळेगावला जावं. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातलं हे खंडोबाचं ठाणं. घोडे, गाढवं, उंट, कुत्री, सगळ्यांचा बाजार-मेळा तिथं भरतो आणि भंडाऱ्यानं माणसं पिवळी होतात. तिथले वाघ्ये हे देवाचे कुत्रे. खंडोबाच्या घोड्याबरोबर कुत्रा धावतो तसा वाघ्या देवामागं धावतो, कोटंब्यात, म्हणजे भिक्षेच्या पात्रात, घेऊन खातो, विधीच्या वेळी भुंकतो. पूर्वी नवसाची पोरं वाघ्या म्हणून देवाला वाहिलेली असायची. तुकोबांचं रूपक अभंग संपला की गाथेत मिटून ठेवता येतं. वाघ्याला ते अंगावरून उतरवता येत नाही. त्याच्या तोंडून 'येळकोट येळकोट' ऐकताना माझ्या मनात भक्ती असते आणि एक टोचणीही असते, आणि यातली कुठलीही एक मला सोडून देता येत नाही.

मी परभणी जिल्ह्यातली, गोदाकाठची. आमच्या घरात भाकरी थापताना पहिला तुकडा गाईचा आणि शेवटची चतकोर कुत्र्याची, हा आजीचा नेम. दुष्काळाच्या सालीही तिनं तो मोडला नव्हता, असं आत्या सांगायची. कुत्र्याचं नाव मोत्याच. एक मोत्या गेला की दुसरा यायचा, त्याचंही नाव मोत्या. पण कुठल्याही मोत्यानं आमचा उंबरठा ओलांडला नाही. ओटा त्याचा, घर आमचं. आजी हातानं भाकरी द्यायची आणि तो आत डोकावला तर त्याच हातात लाकूड घ्यायची. दोन्ही तिला सारखंच सहज होतं.

गावातले जोशीकाका वैश्वदेवाच्या वेळी घास बाहेर ठेवताना एक श्लोक म्हणायचे: 'श्वानौ द्वौ श्यामशबलौ वैवस्वतकुलोद्भवौ । ताभ्यां पिण्डं प्रयच्छामि स्यातामेतावहिंसकौ ॥' यमाच्या घरचे श्याम आणि शबल हे दोन कुत्रे. त्यांना मी हा घास देतो, त्यांनी आम्हाला इजा करू नये. हे दोघे फार जुने आहेत. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात, चौदाव्या सूक्तात, मेलेल्या माणसाला वाट सांगताना कवी म्हणतो, देवांची कुत्री सरमा हिच्या त्या दोन चार-डोळ्यांच्या ठिपकेदार पोरांना मागं टाकून नीट वाटेनं जा. डोळ्यांच्या वर दोन पिवळसर ठिपके असलेली कुत्री आपल्याकडं सर्रास दिसतात, चतुरक्ष म्हणजे तीच असावीत. आमच्या एका मोत्याला तसे ठिपके होते. ते सूक्त पुढं वाचताना मी थबकले. रुंद नाकाच्या, प्राण हरणाऱ्या त्या यमदूतांकडंच कवी मागणं मागतो: सूर्य पाहण्यासाठी आज आम्हाला पुन्हा प्राण द्या. ज्याला घाबरायचं त्याच्याकडंच सकाळ मागायची!

वेदातलं दुसरं कुत्रं अगदी घरगुती आहे. सातव्या मंडलातलं पंचावन्नावं सूक्त. रात्रीची वेळ, कुत्रं गुरगुरतंय आणि कवी त्याला समजावतोय: अरे सारमेया, चोरावर भुंक, दरोडेखोरावर भुंक, आम्ही तर इंद्राचे स्तोते, आमच्यावर काय दात काढतोस? झोप आता. मग तो सगळ्या घरालाच झोपवतो, 'सस्तु माता सस्तु पिता सस्तु श्वा सस्तु विश्पतिः'. आई झोपो, बाप झोपो, कुत्रा झोपो, घरधनी झोपो. यादीत कुत्र्याची जागा पाहा. आईबापानंतर तो, आणि घरधनी त्याच्याही नंतर. इतकं साधं घर वेदात असेल हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

त्या घरात शिरू पाहणारा तो रात्रीचा माणूस कोण, याचं एक खट्याळ उत्तर पुढं आमच्याच मुलखात मिळतं. पैठण म्हणजे जुनं प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. हाल राजाच्या नावावर असलेली गाथासप्तशती ही महाराष्ट्री प्राकृतातली, आणि तिच्यातली शेतं, ओढे, सासवा, सुना इथल्याच वाटतात. एका गाथेत एक बाई म्हणते, ते दुष्ट कुत्रं मेलं, सासू असून नसल्यासारखी, नवरा परगावी, आणि तिकडं रेड्यानं कापसाचं पार वाटोळं केलं. आता हे त्याला कोण जाऊन सांगणार? वरवर ही तक्रार आहे. पण ती मोठ्यानं बोलतेय ते ऐकणाऱ्या भलत्याच कुणासाठी: दाराशी भुंकायला आता कोणी नाही. कापूस, रेडा, रिकामं घर आणि गेलेलं कुत्रं, एवढ्यात सगळी गोष्ट सांगून झाली. कापसाच्या रानात वाढलेल्या कुठल्याही माणसाला ही गाथा दोन हजार वर्षांपूर्वीची वाटणार नाही. त्या मेलेल्या कुत्र्यानं मात्र जिवंत असताना आपलं काम चोख केलं असणार.

आता महाभारत. तिथं मला जास्त वेळ थांबायचं आहे.

युधिष्ठिराबरोबर स्वर्गाच्या दारापर्यंत गेलेलं कुत्रं सगळ्यांना माहीत असतं. महाभारताच्या तोंडाशीच असलेलं दुसरं कुत्रं फारसं कुणी सांगत नाही. आदिपर्वातल्या पौष्यपर्वाच्या आरंभी परीक्षिताचा मुलगा जनमेजय कुरुक्षेत्रावर सत्र, म्हणजे लांबलचक यज्ञ, करत बसलाय, बरोबर श्रुतसेन, उग्रसेन, भीमसेन हे तीन भाऊ. तिथं सरमेचं पिल्लू येतं. भाऊ त्याला मारतात. पिल्लू रडत आईकडं जातं. आई आधी आईसारखंच विचारते, तू काहीतरी केलं असशील. ते सांगतं, मी काहीच केलं नाही. हविर्द्रव्याकडं पाहिलं नाही, ते चाटलं नाही. मग सरमा यज्ञमंडपात येते आणि राजाच्या समोर उभी राहून विचारते, माझ्या मुलाचा काही अपराध नव्हता, त्याला का मारलंत? ते काहीच उत्तर देत नाहीत. ती म्हणते, निरपराधाला मारलंत, म्हणून तुमच्यावर न दिसणारं भय येईल. राजा हादरतो आणि ते भय शमवणारा पुरोहित शोधायला निघतो.

जनमेजय कोण? ज्याला बसवून वैशंपायनानं सगळं महाभारत सांगितलं, तो श्रोता. म्हणजे ज्या घरात एक निर्दोष पिल्लू मारलं गेलं आणि त्याच्या आईला उत्तरही मिळालं नाही, त्याच घराच्या वारसाला ही लांबच लांब गोष्ट ऐकावी लागते, आणि शेवटाकडं त्याच्या कानावर पडतं की तुझ्या पणजोबाचा थोरला भाऊ एका कुत्र्यासाठी स्वर्गाच्या रथात पाय टाकायला तयार नव्हता. या दोन कुत्र्यांना कुणी मुद्दाम दोन टोकांना ठेवलंय की नाही, यावर विद्वान वाद घालोत. मला ते ठेवलेलं दिसतं.

शेवटचा प्रसंग आमच्या गावात पोथीतून ऐकायला मिळायचा. चातुर्मासात देवळात पोथी लागायची, बायका खांबाला टेकून वाती वळत ऐकायच्या. पांडव निघाले, द्रौपदी निघाली, सातवं कुत्रं. वाटेत द्रौपदी पडली, सहदेव पडला, नकुल, अर्जुन, भीम पडला. युधिष्ठिर थांबला नाही. मग इंद्र रथ घेऊन आला आणि कुत्र्याला खाली ठेव म्हणाला, तेव्हा हा अडून बसला. माझी चुलती दरवर्षी इथं बोलायची, 'बायकू पडली तवा मागं बघितलं न्हाई, अन् कुत्र्यापायी आडून बसला व्हय?' पोथी सांगणारे हसून पुढं जायचे.

पुढं मूळ पर्व वाचलं तेव्हा दिसलं, चुलतीचा प्रश्न व्यासांनी टाळलेला नाही, तो इंद्राच्याच तोंडी घातलाय. भावांना सोडलंस, द्रौपदीला सोडलंस, मग या कुत्र्याला का सोडत नाहीस? युधिष्ठिराचं उत्तर कोरडं आणि खरं आहे. मेलेल्यांशी मैत्री उरत नाही आणि वैरही उरत नाही. त्यांना जिवंत करणं माझ्या हाती नव्हतं. ते जिवंत असताना मी त्यांना सोडलं नाही. हा जिवंत आहे आणि माझ्या आश्रयाला आहे. शरण आलेल्याला टाकून देणं, स्त्रीवध, ब्राह्मणाचं धन लुबाडणं, मित्रद्रोह, ही चार पातकं एका बाजूला आणि भक्ताला टाकणं दुसऱ्या बाजूला. मला दोन्ही सारखी वाटतात.

इंद्रानं धमकीही दिलेली असते. कुत्रं बाळगणाऱ्यांना स्वर्गात जागा नाही, त्यांचं पुण्य क्रोधवश नावाचे गण हरण करतात. म्हणजे स्वर्गाचा नियम आमच्या आजीचाच: कुत्रा उंबऱ्याच्या बाहेर. युधिष्ठिर नियमाशी वाद घालत नाही. तो एवढंच म्हणतो की मग मीही बाहेर.

कीर्तनात हा प्रसंग रंगतो तो पुढच्या चमत्कारासाठी. कुत्रा हा प्रत्यक्ष यमधर्म निघतो आणि टाळ्या पडतात. मला त्या टाळ्या एक क्षण उशिरा पडाव्यात असं वाटतं. युधिष्ठिरानं उत्तर दिलं तेव्हा त्याच्यासमोर फक्त एक कुत्रं होतं, हस्तिनापुरातून मागं लागलेलं, थकलेलं. त्यात देव आहे हे कळल्यावर कुणीही थांबेल.

चमत्काराची वाट न पाहता कुत्र्यामागं धावलेला आमच्याकडचा माणूस म्हणजे नामदेव. हिंगोली जिल्ह्यातलं नरसी हे त्याचं गाव मानतात. कुत्र्यानं पोळी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन मागं धावले, कोरडी खाऊ नकोस देवा, ही गोष्ट महिपतीनं १७६२ मध्ये पुऱ्या झालेल्या भक्तविजयासारख्या संतचरित्रांतून आणि कीर्तनांतून घरोघर पोचवली. नामदेवांची ६१ पदं गुरुग्रंथसाहिबात आहेत, त्यामुळं नांदेडला आलेल्या पंजाबी यात्रेकरूंनाही नामदेव परका नसतो. या गोष्टीत एक बारीक खोच आहे. चोराला पकडायला माणूस धावतो तसंच हे धावणं दुरून दिसतं. कुत्र्यालाही तसंच वाटलं असेल, म्हणून ते आणखी जोरात पळालं असेल. ज्याच्या हातानं आजवर लाकूडच उगारलं त्याच्या हातातली वाटी कुत्र्याला कशी ओळखू यावी?

नरसीपासून गोदावरीच्या वरच्या अंगाला पैठण, आणि पैठणजवळ आपेगाव, ज्ञानेश्वरांचं गाव. गीतेच्या पाचव्या अध्यायातला श्लोक प्रसिद्धच आहे: विद्या आणि विनय असलेला ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि श्वपाक, म्हणजे अंत्यज मानलेला माणूस, यांच्याकडं पंडित सारख्याच नजरेनं पाहतात. चांगला श्लोक. पण त्यात उतरंड लावून मग ती पुसलेली आहे, आणि पुसल्यावरही तिच्या खुणा दिसतात: वरच्या टोकाला ब्राह्मण, खालच्या टोकाला कुत्रं आणि त्याच्याही पलीकडं एक माणूस. ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये यावर लिहिलं:

ना तरी हे धेनु हें श्वान ।
एक गुरु एक हीन ।
हें असो कैचें स्वप्न ।
जागतया ॥

जागा झालेल्याला असलं स्वप्न कुठून पडणार? ही गाय, हे कुत्रं, हा मोठा, हा हलका, ही मोजणीच झोपेतली. पंडितानं सगळ्यांकडं सारखं पाहावं, असं गीता सांगते. ज्ञानेश्वर म्हणतात, जागे व्हा, म्हणजे पाहायला उतरंडच उरणार नाही. संन्याशाची पोरं म्हणून ज्याच्या कुटुंबाला गावानं वाळीत टाकलं, त्या मुलाच्या हातची ही ओवी आहे, हे मी वर्गात शिकवताना कधीच सोडत नाही.

त्याच पैठणच्या एकनाथांनी भागवताच्या अकराव्या स्कंधावर टीका लिहिली, १५७३ मध्ये काशीत पुरी केली. त्या स्कंधाच्या एकोणतिसाव्या अध्यायात कृष्ण उद्धवाला सांगतो, लोक हसले तरी हसू दे, लाज सोड आणि कुत्रा, चांडाळ, गाय, गाढव यांच्यापुढं जमिनीवर दंडवत घाल. इथं सारखं पाहून भागत नाही, अंग धुळीत घालावं लागतं. पण या उजेडात चोखोबांनाही उभं करावं लागतं. 'जोहार मायबाप जोहार' म्हणत, 'बहु भुकेला जाहलो, तुमच्या उष्ट्यासाठी आलो' म्हणत ते बाहेरच उभे राहिले. कुत्र्यात देव पाहणाऱ्या गावांनी माणसाला देवळाच्या पायरीवरच ठेवलं. गावात कुत्रं ज्या पाण्याला तोंड लावायचं, तिथं काही माणसांची सावलीही चालत नव्हती, आणि १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांना तळ्याचं पाणी ओंजळीत घ्यावं लागलं ते याच कारणासाठी. नामदेवाची तुपाची वाटी सांगताना हे सोडून देणारं कीर्तन मला अपुरं वाटतं.

औरंगाबादेला शिकायला होते तेव्हा एका मैत्रिणीचे वडील उर्दू कवितेचे मोठे रसिक होते. वली आणि सिराज या जुन्या उर्दू कवींच्या शहरात वाढलेले. त्यांनी सांगितलं, फारसी-उर्दूत प्रियेच्या गल्लीतलं कुत्रं हे प्रियकराला हेवा वाटण्याजोगं भाग्यवान असतं. रूमीच्या मसनवीत मजनू लैलाच्या गल्लीतल्या कुत्र्याला कुरवाळतो, त्याचे मुके घेतो, आणि लोक नाक मुरडतात तेव्हा म्हणतो, हा कुठल्या दाराचा राखणदार आहे ते तुम्हाला दिसत नाही. आणि मग त्यांनी गालिबचा तो शेर ऐकवला:

पानी से सग-गज़ीदा डरे जिस तरह 'असद'
डरता हूँ आइने से कि मर्दुम-गज़ीदा हूँ

कुत्रं चावलेला पाण्याला घाबरतो तसा मी आरशाला घाबरतो, कारण मला माणूस चावलाय. शहरात वाढलेल्याला यातलं पाणी अलंकार वाटेल. आमच्या लहानपणी पिसाळलेलं कुत्रं गावात शिरलं की पोरांना घरात कोंडायचे. माझ्या मामेभावाला चावलं तेव्हा त्याला तालुक्याला नेऊन पोटात चौदा इंजेक्शनं दिली होती, त्या काळी तीच रीत होती. तो वाचला, पण त्या दिवसांत घरातली मोठी माणसं त्याच्या पाण्याच्या तांब्याकडं डोळे लावून बसलेली असायची. पाणी पुढं आलं की घशाचे स्नायू आवळतात, रोगी ओरडतो. रेबीज उमटला की त्यातून सुटका जवळजवळ नसतेच. ते भय घरात पाहिलेलं असल्यानं गालिबचा शेर मला अंगावर आल्यासारखा वाटला. तहान लागलेली असताना पाण्याचं भय, आणि आरशात तरी कोण दिसणार, माणूसच ना?

ग्रीक कवी होमरच्या इलियड या महाकाव्याची सुरुवातच कुत्र्यांनी होते. अकिलीसच्या रागानं कितीएक वीरांची प्रेतं कुत्र्यांच्या आणि पक्ष्यांच्या तोंडी गेली. तिथला कुत्रा म्हणजे अंत्यसंस्कार न झालेल्या माणसाची भीती. त्याच्याच ओडिसीत मात्र तोच प्राणी नाव घेऊन येतो, आर्गोस. ट्रॉयच्या युद्धावर गेलेला राजा ओडिसियस वीस वर्षांनी घरी परततो, भिकाऱ्याच्या वेषात, कारण घरात त्याच्या बायकोवर डोळा ठेवून बसलेले राजपुत्र आहेत. दारापुढं उकिरडा, खेचरांचं आणि गुरांचं शेण साठलेलं, आणि त्यावर गोचिडांनी भरलेलं म्हातारं कुत्रं. ट्रॉयला जाण्यापूर्वी यानंच ते वाढवलं होतं. नंतर जवान पोरं त्याला ससे, हरणं, रानबकऱ्या मारायला न्यायची. लातूरकडची लांब तोंडाची, बारीक कमरेची कारवानी कुत्री ज्यांनी पाहिली आहेत त्यांना आर्गोसचं तरुणपण सांगावं लागणार नाही, आणि म्हातारपणीचा तो उकिरडा तर आपल्या दारातलाच आहे.

आर्गोस मालकाला ओळखतो. शेपूट हलवतो, कान पाडतो, उठून जवळ यायची ताकद मात्र उरलेली नाही. आणि ओडिसियस? तोही जवळ जाऊ शकत नाही. गेला तर ओळख फुटेल. बरोबरच्या गुराख्याला, डुकरं राखणाऱ्या युमायसला, दिसू नये म्हणून तो तोंड वळवून डोळा पुसतो आणि परक्यासारखा विचारतो, हे कुत्रं दिसायला चांगलं आहे, धावायलाही होतं का, की नुसतं जेवणाच्या पंगतीतलं? युमायस सांगतो, धनी परदेशात मेला, दासी लक्ष देत नाहीत. तो आत जातो. आर्गोस मरतो.

युधिष्ठिराला थांबता आलं. ओडिसियसला तेवढंही साधलं नाही. सगळं घर परत मिळवायला निघालेल्या माणसाला चार पावलांवरच्या कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवता आला नाही, आणि होमर त्याला दोषही देत नाही, समर्थनही करत नाही. जगात मला वाचायला मिळालेल्या कवितांत इतक्या थोड्या ओळींत इतकं निर्दय आणि इतकं मायाळू दुसरं काही नाही.

या सगळ्या कुत्र्यांत बोलणारं, आणि ज्याचं ऐकून घेतलं गेलं असं एक आहे, ते रामायणाच्या उत्तरकांडात. छापील प्रतींत ते सर्ग प्रक्षिप्त, म्हणजे मागाहून घातलेले, असा शिक्का घेऊनच येतात. रामाच्या दारात फिर्यादी कोण आहे पाहायला लक्ष्मण बाहेर येतो तर एक कुत्रं, डोकं फुटलेलं. आत चल म्हटल्यावर ते सांगतं, देवळं, राजवाडे, ब्राह्मणांची घरं ही आमच्या जाण्याची ठिकाणं नव्हेत, राजानं परवानगी द्यावी. राम बोलावतो. फिर्याद अशी की एका भिक्षेकरी ब्राह्मणानं काही कारण नसताना काठीनं मारलं. ब्राह्मणाला आणतात, तो कबूल करतो, भीक मिळाली नव्हती, भुकेनं राग आला. सभा अडते, ब्राह्मणाला दंड कसा द्यावा? तेव्हा कुत्रंच शिक्षा सुचवतं: याला कालंजरच्या मठाचा अधिपती करा. ब्राह्मण हत्तीवर बसून आनंदानं जातो. मंत्री विचारतात, ही कसली शिक्षा? कुत्रं सांगतं, मागच्या जन्मी मीच तिथला कुलपती होतो. नीट वागलो, वाटून खाल्लं, देवाब्राह्मणांची सेवा केली, तरी या जन्माला आलो. हा तर रागीट आहे, याचं काय होईल ते पाहा.

गेल्या वर्षी गावच्या सप्ताहात आलेल्या महाराजांना मी दुपारी चहाला बोलावलं होतं, तेव्हा ही गोष्ट निघाली. त्यांना ती पाठ होती. म्हणाले, 'ताई, मठाचा विषय आहे, लोक काय अर्थ काढतील सांगता येत नाही.' पण रात्री त्यांनी ती घेतलीच. निरूपणाला तुकोबांचा अभंग, आणि दाखल्याला ही गोष्ट, सावकाश, एकेक पात्र उभं करत. मठाधिपतीच्या शिक्षेला मंडप खदखदून हसला, देवस्थानची मंडळीही हसली. मग बायकांच्या बाजूनं एका म्हाताऱ्या बाईनं बसल्या जागेवरूनच विचारलं, 'पर महाराज, त्या कुत्र्याचं फुडं काय झालं?'

महाराज म्हणाले, 'काशीला गेलं, माय. तिथं अन्नपाणी सोडून बसलं.'

'अन् कुणी भाकर दिली न्हाई व्हय त्याला?'

'दिली असती तरी त्यानं खाल्ली नसती. त्याचं व्रत होतं.'

'आसं कसं म्हन्ता,' बाई म्हणाली, 'देऊन तं बघायची.'